मुळापेक्षा मोठी प्रत

प्रत मुळापेक्षा मोठी नसावी, हा कोणत्याही सुव्यवस्थित राज्याचा पाया आहे. मुलगा बापापेक्षा उंच झाला तर लोक कौतुक करतात. भाकरी तव्यापेक्षा मोठी झाली तर हसून सोडून देतात. पण सहा पानांच्या कागदाची दोनशे एक्केचाळीस पानांची प्रत निघाली, तर राज्य कशाच्या आधारावर चालायचे? हा प्रश्न जगात प्रथम रास लौज नगरपालिकेच्या खिडकी क्रमांक तीनवर उपस्थित झाला आणि तिथेच सोडवण्यात आला, याचा आम्हा गावकऱ्यांना रास्त अभिमान आहे.

खिडकी तीनवर प्रती साक्षांकित करून मिळतात. ट्युनिशियात माणसाला जगायला हवा, पाणी, जैतुनाचे तेल आणि साक्षांकित प्रती लागतात. नोकरीच्या अर्जाला चार, लग्नाला सहा, पाण्याच्या मीटरला दोन. (मेल्यावर तीन. त्या स्वतः रांगेत उभे राहून आणाव्या लागत नाहीत, एवढीच सवलत.) या खिडकीवर सी लाझहर एकतीस वर्षे बसले. (सी म्हणजे आमच्याकडचे श्री, आणि लल्ला म्हणजे बाई.) लाकडी पट्टी मुळावर, डाव्या हाताची तर्जनी प्रतीवर, आणि ओठांवर अक्षरे. न जुळणाऱ्या प्रतीवर त्यांनी आयुष्यात एकदाही शिक्का मारला नाही. एकदा एकाच्या शाळेच्या दाखल्यावर कॉफीचा डाग होता आणि फिकट निघालेल्या प्रतीवर तो उमटला नव्हता, तेव्हा त्यांनी त्या गृहस्थाला परत पाठवले. गृहस्थ नगराध्यक्ष होते.

याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, दोर्साफ अयारी बसते. ती नगरपालिकेच्या संकेतस्थळाची डिझायनर. ती अकरा वर्षे कंत्राटावर होती आणि कंत्राट अकरा महिन्यांचे असे. बाराव्या महिन्यात, म्हणजे दर नोव्हेंबरात, ती कायद्याने कर्मचारी नसे, पण संकेतस्थळ तर चालू ठेवायचे असे. म्हणून त्या महिन्यात ती कार्यालयात पाहुणी म्हणून येई. पाहुणी असल्यामुळे तिला कॉफी फुकट मिळे आणि पगार मिळत नसे. घर भाड्याने घेताना, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे तिला विचारत, "नोकरी कायम आहे का?" आणि ती म्हणे, "नोव्हेंबर सोडून." एवढ्यावर कोणी घर देत नाही. दोर्साफ अडतीस वर्षांची होती आणि बहिणीच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर राहत होती.

जानेवारीत राजधानीहून परिपत्रक आले. जी राष्ट्रे आपल्या स्टाइलशीट अजून हाताने लिहितात ती मागे पडत आहेत, असे कोणा सल्लागाराने एका परिषदेत सिद्ध केले होते. सबब, जो कंत्राटी डिझायनर तीस जूनच्या आत स्टाइलशीट प्रीप्रोसेसर शिकेल, आपल्या संस्थेचे संकेतस्थळ त्यावर आणेल, आणि त्या कामाचे मूळ व त्याची साक्षांकित प्रत सादर करेल, त्यास कायम करण्यात यावे. एक जुलैपासून उन्हाळ्याची एकवेळची कचेरी सुरू होते. दुपारी दोननंतर देशात काही घडत नाही. तेव्हा तीस जून म्हणजे तीस जूनच.

प्रीप्रोसेसर काय असतो, हे सांगणे इथे कर्तव्य आहे. स्टाइलशीट म्हणजे संकेतस्थळाने कोणते कपडे घालायचे याची यादी: बटण निळे, मथळा जाड, चौकटीचे कोपरे गोल. ही यादी लांब होते, आणि आमची दुप्पट लांब, कारण आमचे संकेतस्थळ अरबीत उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि फ्रेंचमध्ये डावीकडून उजवीकडे. प्रीप्रोसेसर असला की डिझायनर छोटी फाइल लिहितो. आपला निळा कोणता ते एकदाच सांगतो, मग फक्त नाव घेतो. उजव्याचे डावे कसे करायचे तेही एकदाच सांगतो. यंत्र ती छोटी फाइल वाचते आणि ब्राउझरसाठी लांबलचक फाइल काढून देते. याला कंपाइल करणे म्हणतात. (नगरपालिकेत हेच काम उलट दिशेने चालते. लांबलचक फाइल आत जाते आणि "उद्या या" एवढेच बाहेर येते.)

दोर्साफ शिकायला लागली. गुरू म्हणून एका थंड देशातला लोकरीची टोपी घातलेला तरुण होता. तो पडद्यावरून शिकवी, आणि पहिल्याच धड्यात "हे अगदी सोपे आहे" असे एकसष्ट वेळा म्हणाला. प्रशिक्षणावर देखरेख ठेवण्यासाठी मुख्य सचिव सी अब्देलहफीज यांनी साप्ताहिक तक्ता सुरू केला. त्यात तीन रकाने होते: शिकलेले, विसरलेले, शिल्लक. पाचव्या आठवड्यात शिकलेले चार, विसरलेले सहा, आणि उणे दोन पुढे ओढले, अशी नोंद आढळते.

अडचणी आल्या, पण त्या प्रगतीच्या होत्या. टोपीवाल्याने बजावले होते की एका नियमाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, असे तीन थरांपर्यंतच जावे. सी अब्देलहफीज म्हणाले, बटणाशी असे थेट बोलणे शिस्तीत बसत नाही. बटणापर्यंत योग्य मार्गाने पोहोचायला हवे. त्यामुळे रास लौजच्या फाइलीत आधी नगराध्यक्ष, त्यांच्या पोटात सचिव, त्यांच्या पोटात विभाग, मग उपविभाग, मग खिडकी, मग अर्ज आणि सातव्या थरावर बटण आले. ते बटण दाबले की आजही क्षणभर विचार करते.

दुसरी अडचण नावाची. रंगाला नाव द्यायचे होते. नगरपालिकेच्या हद्दीत कोणत्याही गोष्टीला नाव द्यायचे तर परिषदेचा ठराव लागतो. रस्त्याला लागतो, मग रंगाला का नाही? दोन बैठका झाल्या. बंदरवाल्यांना एक नाव हवे होते, वरच्या आळीला दुसरे. अखेर बाजारासाठी जमीन देणारे दिवंगत हाज सादोक यांचे नाव निळ्या रंगाला देण्यात आले. त्यांच्या घरच्यांनी परात भरून मक्रूद, म्हणजे खजुराच्या वड्या, वाटल्या आणि दोर्साफने फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहिले की हाज सादोक म्हणजे अमुक निळा.

जूनच्या मध्यावर काम झाले. छोटी फाइल दोनशे बारा ओळींची, म्हणजे सहा पाने. तिच्यातून निघालेली मोठी फाइल नऊ हजार सहाशे चाळीस ओळींची, म्हणजे दोनशे एक्केचाळीस पाने. संकेतस्थळ दोन्ही भाषांत सरळ उभे राहिले. दोर्साफने दोन्ही फाइली छापल्या आणि खिडकी तीनच्या रांगेत उभी राहिली.

"हे मूळ?" सी लाझहरनी सहा पाने उचलली.

"हो, सी लाझहर."

"आणि ही याची प्रत?" त्यांनी गठ्ठा तळव्यावर तोलला. "पोरी, हे मूळ बाळंत झालंय का?"

"यंत्रानं काढलीय. यातूनच निघते ती."

"कोंबडीतून अंडं निघतं. म्हणून मी अंड्यावर 'कोंबडीशी तंतोतंत जुळते' असा शिक्का मारू?"

रांगेत मागे लल्ला झोहरा होत्या, हातात पेन्शनचा कागद. "मारा हो शिक्का! मला बाराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"लल्ला, डोळे तुमचे अधू झालेत. माझे शाबूत आहेत." सी लाझहरनी पट्टी पहिल्या ओळीवर ठेवली. "मुळात पहिल्याच ओळीत हाज सादोक आहेत, अल्ला त्यांना जन्नत देवो. प्रतीत कुठं आहेत?"

"ते कंपाइल झाले."

सी लाझहरनी गठ्ठ्याची पाने उलटून पाहिली. मग म्हणाले, "बाजाराला जमीन देऊन गेलेला माणूस. तुझ्या प्रतीत त्याचं नाव नाही. नुसती ही जाळी आणि पुढं सहा खुणा, पानोपानी. हा कोण?"

"तोच हाज सादोक. यंत्राच्या भाषेत निळ्याचा आकडा."

"ओळखपत्र आहे?"

प्रत परत आली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: प्रत मुळापेक्षा नऊ हजार चारशे अठ्ठावीस ओळींनी अधिक, एक सन्माननीय नागरिक बेपत्ता.

बेपत्ता हा शब्द संध्याकाळपर्यंत हाज सादोक यांच्या घरी पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे तीन मुलगे, दोन जावई आणि एक वकील मुख्य सचिवांच्या दालनात बसले होते. सी अब्देलहफीज यांनी तातडीने मूळ-निश्चिती समिती नेमली. समितीत तेच अध्यक्ष होते, सी लाझहर तज्ज्ञ होते आणि दोर्साफ निमंत्रित होती (मत नसलेली). समितीपुढे तीन मार्ग आले. प्रत लहान करून मुळाएवढी करावी, तर संकेतस्थळ उघडे पडते. शिक्क्याचा मजकूर बदलून "मुळातून निघाली आहे" असा करावा, तर त्याला संसदेत जावे लागते. उरला तिसरा. समितीच्या इतिवृत्तातला उतारा जसाच्या तसा देतो:

"प्रत योग्य आहे हे संकेतस्थळ चालते यावरून सिद्ध होते. सबब दोष मुळात आहे. मूळ अपुरे लिहिले गेले असून ते प्रतीबरहुकूम पूर्ण करण्यात यावे. डिझायनरने प्रत्येक ओळ स्वतः लिहावी. कोणतीही गोष्ट एकदाच सांगून इतरत्र फक्त नावाने निर्देशिण्याची पद्धत आळशीपणास उत्तेजन देणारी असल्याने बंद करावी. हाज सादोक यांचा उल्लेख जिथे जिथे निळा येतो तिथे तिथे करावा."

याप्रमाणे, प्रीप्रोसेसर शिकल्याचा पुरावा म्हणून, दोर्साफने प्रीप्रोसेसर न वापरता नऊ हजार सहाशे चाळीस ओळी हाताने लिहाव्यात असे ठरले. तारीख होती तेवीस जून.

"जन्मनोंदणीतल्या चार टंकलेखिका देतो," सी अब्देलहफीज उदारपणे म्हणाले. "जन्म आठवडाभर थांबतील."

"नको सर," दोर्साफ म्हणाली. "माझी मी लिहीन."

दालनातले सगळे तिच्याकडे वळून पाहू लागले. अकरा वर्षांत तिच्याकडे इतक्या आदराने कोणी पाहिले नव्हते.

ती जिन्याखालच्या खोलीत गेली, दार लावले आणि छोट्या फाइलीत एक ओळ वाढवली: जिथे निळा येईल तिथे शेजारी टीप म्हणून हाज सादोक यांचे नाव घाल. मग कंपाइल केले. एक हजार तीनशे अठरा ठिकाणी निळा आला आणि तितक्याच ठिकाणी हाज सादोक आले, निळ्याच्याच ओळीत, एकही ओळ न वाढवता. याला चार सेकंद लागले. ही मोठी फाइल तिने दोनदा छापली. एका गठ्ठ्यावर लिहिले "मूळ", दुसऱ्यावर लिहिले "प्रत". मग ती दोन दिवस खोलीत दार लावून बसून राहिली, कारण नऊ हजार ओळी चार सेकंदांत लिहिणारी बाई कोणत्याही कार्यालयात फार काळ टिकत नाही. छोटी फाइल तिने एका पेनड्राइव्हवर घेतली आणि बहिणीच्या घरी, ओट्यावर, हरिसाच्या, म्हणजे मिरचीच्या चटणीच्या, रिकाम्या डब्यात ठेवली.

सी लाझहरनी पंचवीस तारखेला तपासणी सुरू केली. पट्टी मुळावर, बोट प्रतीवर. खिडकी तीनची रांग चौकातून वळून मासळीबाजारापर्यंत गेली. लोकांनी कुरकुर केली नाही. आत हाज सादोक यांची मोजणी चालू आहे, हे सर्वांना ठाऊक होते. एकोणतीस तारखेला एकशे त्र्याहत्तराव्या पानावर सी लाझहर थांबले.

"मुळात इथं शाईचा ठिपका आहे. प्रतीत नाही."

"प्रिंटरनं टाकला असेल, सी लाझहर."

"कोणी टाकला ते मी विचारलं का?"

दोर्साफने पेन काढून प्रतीवर ठिपका दिला. सी लाझहरनी भिंग लावून पाहिले, मान हलवली आणि पुढचे पान घेतले. तीस जूनला, कचेरी बंद व्हायला दहा मिनिटे असताना, दोनशे एक्केचाळीसाव्या पानावर शिक्का पडला: मुळाशी तंतोतंत जुळते. रांगेत टाळ्या झाल्या. हाज सादोक यांच्या थोरल्या मुलाने डोळे पुसले. हयातीत वडिलांचे नाव इतक्या वेळा कोणी घेतले नव्हते, असे तो म्हणाला. (घेणेकरी वगळून, असे धाकटा म्हणाला.)

दोर्साफ कायम झाली. सप्टेंबरात तिला दोन खोल्यांचे घर मिळाले, खिडकीतून बंदर दिसणारे. नोव्हेंबरात ती कामावर आली तेव्हा तिला पगार होता आणि कॉफी नव्हती. त्या दिवशी तिने कॉफी बाहेरून मागवून सगळ्या मजल्याला पाजली.

डिसेंबरात नगरपालिकेच्या इमारतीच्या खिडक्यांच्या झडपांना रंग दिला गेला. कंत्राटदाराने आणलेला निळा किंचित वेगळा निघाला. झडपा पुन्हा रंगवणे शक्य नव्हते, कारण शिडी परत गेली होती. संकेतस्थळ ही इमारतीचीच एक प्रत असल्यामुळे, परिषदेने ठराव केला की संकेतस्थळाचा निळा झडपांशी जुळवून घ्यावा. सी अब्देलहफीज यांनी हिशेब मांडला. एक हजार तीनशे अठरा जागा, दिवसाला तीस, म्हणजे चव्वेचाळीस कामाचे दिवस. दोर्साफला बोटांना लावायला मलम मंजूर झाले आणि तिच्या दारावर पाटी लागली: शांतता राखा, निळा बदलत आहे.

निळा मंगळवारी सकाळी, कॉफी येण्यापूर्वी, एका ओळीत बदलून झाला.

उरले त्रेचाळीस दिवस आणि मंगळवारचा बहुतेक भाग. या काळात दोर्साफने काय केले, हे नोंदवणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. जन्मदाखल्याचा ऑनलाइन अर्ज सहा वर्षांपासून शेवटच्या पानावर अडकत असे; तो तिने दुरुस्त केला. मृत्यूनोंदीत मृताची स्वतःची सही मागितली जात असे. ती अट काढली. पेन्शनच्या पानावरची अक्षरे लल्ला झोहरांना चष्म्याशिवाय दिसतील एवढी मोठी केली. यातले एकही काम तिला सांगितलेले नव्हते.

गावाला वाटले, हा सगळा हाताने लिहिण्याचा प्रताप. राजधानीलाही तसेच वाटले. अहवाल गेला, अहवालावरून पाहणी झाली आणि आज रास लौज पद्धत म्हणून ती ओळखली जाते. दर वसंतात देशभरच्या नगरपालिकांमधून डिझायनर येतात, सभागृहात बसतात आणि सहा आठवड्यांत नऊ हजार सहाशे चाळीस ओळी हाताने लिहून प्रीप्रोसेसरचे प्रमाणपत्र घेऊन जातात. शिकवायला दोर्साफच असते. ती चांगली शिकवते असे सर्व जण सांगतात. "हे अगदी सोपे आहे" असे ती कधीच म्हणत नाही.

त्या चव्वेचाळीस दिवसांतल्या एकोणिसाव्या दिवशी सी लाझहर तिच्या खोलीत आले होते. त्यांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. दोर्साफचे हात मांडीवर होते, पडद्यावर पेन्शनचे पान होते आणि मलमाची डबी उघडलेलीही नव्हती. ते समोर बसले.

"पोरी, जुळ्यांत थोरला कोण ते मला लांबून कळतं. जूनमध्ये माझ्यापुढं ठेवलीस ना, ती दोन्ही धाकटीच होती."

दोर्साफने घाईघाईने मलमाची डबी उघडली. "मग शिक्का का मारलात, सी लाझहर?"

"जुळत होती ना."

"आणि मूळ?"

"मूळ कुठं आहे, हे शिक्क्यात विचारलेलं नाही." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "जिथं असेल तिथं कोरड्या जागी ठेव म्हणजे झालं."

आता नियमाचे. नगरपालिकेच्या उपविधींतील कलम चौदाप्रमाणे, नोंद नसलेल्या मुळाची माहिती ज्यास असेल त्याने ती पंधरा दिवसांत लेखी कळवायची आहे. ती कळवली गेली की नेमणूक रद्द होते आणि दोर्साफ पुन्हा नोव्हेंबरात पाहुणी होते, बहिणीच्या सोफ्यावर. आजवर ही गोष्ट तीनच माणसांना ठाऊक होती: दोर्साफ, सी लाझहर आणि प्रस्तुत लेखक. आता तुम्हालाही आहे. पंधरा दिवस आजपासून धरायचे.

तुम्ही कळवणार नाही, असा माझा विश्वास आहे, आणि तो तुमच्या चांगुलपणावर आधारलेला नाही. तक्रारीला या कथेची साक्षांकित प्रत जोडावी लागेल, आणि त्यासाठी मूळ दाखवावे लागेल. मूळ चार ओळींचे आहे, आणि ते माझ्या घरी एका डब्यात आहे. तुमच्या हातात आहे ती प्रत. मुळापेक्षा ती कितीतरी मोठी आहे, तरी तुम्ही ती पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, बोट न उचलता, बिनपगारी तपासत आलात.

खिडकी तीनवर सी लाझहर यांची जागा अजून रिकामी आहे, आणि नगरपालिका अगदी अशाच माणसाच्या शोधात आहे. अर्ज करा. सोबत चार साक्षांकित प्रती जोडा. कंत्राट अकरा महिन्यांचे आहे.